कुरियरने न जाणारी दुर्बीण

२ नोव्हेंबर

भिंगरीच्या आईस,
आशीर्वाद.

वरची ओळ लिहिण्यात माझी सकाळ गेली. पूर्वी 'सौ. सूनबाईस' लिहिलं की हात आपोआप पुढे चालायचा. आता 'सौ.' लिहावं तर तुला राग येईल, न लिहावं तर मलाच कसंसं होतं. 'सूनबाई' म्हणण्याचा हक्क कोर्टाच्या कागदाबरोबर गेला की राहिला, हेही मला कुणी सांगितलेलं नाही. भिंगरीची आजी म्हणाली, "नाव लिहा की सरळ." पण तुला मी नावाने कधी हाक मारली होती? म्हणून 'भिंगरीची आई'. यात तरी कुणाचं दुमत नसावं.

मेसेज करू शकलो असतो. पण काच कापून कापून माझे अंगठे एवढे जाड झालेत की एक अक्षर दाबावं तर तीन उठतात. आणि फोनवर तू 'हॅलो' म्हणतेस, त्यापुढे मला काय म्हणून हाक मारायची ते तुला सुचत नाही आणि तुला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. मग तू फोन भिंगरीकडे देतेस.

तर कारण असं. रविवारी भिंगरी फोनवर म्हणाली, "आजोबा, वाढदिवसाला मला दुर्बीण हवी. शनीचं कडं बघायचंय." मी हो म्हणून बसलो. आठ वर्षांची पोर काही मागते आणि आजोबा 'बघू' म्हणतात, हे मला जमत नाही. शिवाय मला वाटलं, दुर्बीण म्हणजे काच, आणि काच म्हणजे आपलाच धंदा. त्यात काय अवघड आहे!

सगळंच अवघड आहे. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, भिंगाची घ्या, आरशाच्या नादी लागू नका. भूगोलाचे मास्तर, आपल्या दुकानातून नकाशांना फ्रेमा करून नेतात ते, म्हणतात की एवढ्या पैशात आरशाचीच घ्यावी, भिंगवाली म्हणजे खेळणं. बाजारात एका खोक्यावर 'आठशे पट मोठे दिसते' असं छापलं होतं. ते मी घरी येऊन सांगितलं, तर भिंगरीची आजी म्हणाली, "आठशे पट मोठा शनी ठेवायचा कुठे?" मला वाटलं होतं चार जणांना विचारलं की डोक्यात उजेड पडेल. पण झालं उलटंच, होता तोही गेला.

माझी ऐपत तुला माहीत आहे. दुकानाचं शटर मी हल्ली अर्धंच उघडतो. लोक तयार फ्रेमा घेतात. तरी एक बऱ्यापैकी दुर्बीण येईल एवढे बाजूला काढलेत.

तू दवाखान्याच्या लॅबमध्ये रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतेस. जवळचं मोठं करून बघणं आणि लांबचं मोठं करून बघणं यात फार फरक नसावा, असा माझा अंदाज. तेव्हा तूच सांग, कोणती घेऊ?

चिरंजिवांना विचारलेलं नाही. त्यांचा फोन येतो तेव्हा ते घाईत असतात. मग आम्हीही घाईत असल्यासारखं करतो.

खाली काय लिहावं हाही प्रश्नच आहे. दुकानाचा शिक्का मारतो.

काचवाले


१४ नोव्हेंबर

भिंगरीच्या आईस,
आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. भिंगरीच्या आजीने मोठ्याने वाचून दाखवला: "पट बघू नका, व्यास बघा. भिंग किंवा आरसा जेवढा रुंद तेवढं बरं. तिवई हलता कामा नये. लहानच घ्या आणि कुरियरने पाठवा. तिला तिकडे पाठवायचं मी अजून ठरवलेलं नाही."

पहिली तीन वाक्यं मला लगेच समजली. पुढच्या दोन वाक्यांनी घोटाळा केला. लहान घे म्हणतेस, आणि रुंद तेवढं बरंही म्हणतेस. आणि ते 'अजून ठरवलेलं नाही' म्हणजे ठरवायचं आहे, की न ठरवायचं ठरलं आहे? आजी म्हणते, मला विचारू नका, मी कुठे लॅबमध्ये आहे.

तू सांगितलंस म्हणून बाजारातल्या दुकानात जाऊन तिवई हलवून बघितली. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला, तर टाकीला हिव भरल्यासारखं वाटलं. विकणारा पोरगा म्हणाला, "काका, हात लावू नका, मग नाही हलत." मी म्हटलं, "अरे, हात न लावता वळवू कशी? फुंकर मारून?" तो म्हणाला, शनी काय रोज वळवायचा आहे का? पण भिंग स्वच्छ होतं. नखाने टिचकी मारून बघितली, काच चांगली आहे. खोकं लहान, पट्टी बांधली की कुरियरने सुटसुटीत जाईल.

दुसरी आहे ती मास्तरांची. निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला चाललेत, सामान कमी करतायत. त्यांची दुर्बीण म्हणजे कमरेएवढं नळकांडं, तळाला ताटलीएवढा आरसा, आणि खाली तिवई नाहीच, एक लाकडी खोकं. त्यावर ती जात्यासारखी गोल फिरते आणि सोडली की जिथल्या तिथे थांबते. तीच टाकी तिच्यातून बघितली. टाकी उलटी दिसली, पण एकदम निवांत होती. किंमत म्हणशील तर दुकानातल्या नव्या भिंगवालीएवढीच. मास्तर म्हणाले, "फक्त एक आहे. ही कुरियरने पाठवायची नाही. आदळआपट झाली की आरसा जायचा. न्यायचीच तर आरसा सोडवून मांडीवर घेऊन जायचा."

आता झालं असं, की एक लहान आहे ती तुझ्याकडे जाईल. दुसरी चांगली आहे ती इथेच राहील. तुझ्याच मेसेजमधलं पहिलं वाक्य पाळलं तर मास्तरांची घ्यावी लागते, आणि चौथं पाळलं तर दुकानातली. मी कोणतं पाळू? तुझं उत्तर येईपर्यंत काही करत नाही.

मास्तरांनी फार वेळ थांबणार नाही असं सांगितलंय, ते उगाच लिहितोय.

काचवाले


२९ नोव्हेंबर

भिंगरीच्या आईस,
आशीर्वाद.

मास्तर निघायला आले म्हणून तुझ्या उत्तराआधीच मी त्यांची घेतली आणि भिंगरीला फोनवर सांगूनही टाकलं. त्यावर तुझा पहिला मेसेज: "तुम्ही मुद्दाम मोठी घेतलीत ना?"

त्यावर मी आजीच्या फोनवरून 'नाही' असं पाठवलं. मग ते पुसायचं कसं ते आजीला विचारलं. तिने विचारलं, "का पुसायचंय?" चोराच्या मनात चांदणं. हो, मुद्दाम घेतली. चांगली आहे म्हणूनही घेतली. दोन्हीतलं जास्त कोणतं, हे मी स्वतःला खूप विचारून बघितलं आणि मला खरंच कळलं नाही.

तू त्यानंतर जे लिहिलंस ते मात्र मला माहीत नव्हतं. भिंगरी इथून गेली की पुढे आठवडाभर रोज विचारते, बाबा पुढच्या वेळी आजोबांकडे असतील का. म्हणून तू पाठवत नाहीस. आम्हाला वाटत होतं तू आमच्यावर रागावली आहेस. आजी तर म्हणायची, आपला पोरगा तसा वागला म्हणून आपल्यालाही शिक्षा. हे आम्ही एकमेकांत बोलायचो, तुला विचारलं कधीच नाही. तूही सांगितलं नाहीस. चौघंही मोठी माणसं आणि अक्कल कुणालाच नाही. चौथा कोण ते तुला कळलं असेल.

काल संध्याकाळी गच्चीवर लावली. अर्धा चंद्र होता. तुला सांगतो, मी आयुष्यभर लोकांना स्वतःची तोंडं दाखवायचा धंदा केला. आरशात दुसरं काही बघायचं असतं हे मला कालच कळलं. खड्डे, खड्ड्यांच्या कडा, कडांच्या सावल्या! आजीला बोलावलं. ती म्हणाली, डोळ्याला लागतो हो फार, आणि पाणी पुसून पुन्हा बघायला लागली. मग मास्तरांनी दाखवून ठेवलं होतं तसा शनी शोधला. तांदळाचा दाणा आणि त्याच्या आरपार एक काडी. मास्तर म्हणतात, सध्या कडं आपल्याला आडवं दिसतं म्हणून काडीसारखं. भिंगरीला काडी चालेल का? विचारून ठेव. मी कडं कबूल केलं होतं.

आणि तुझा परवाचा मेसेज आजीने दोनदा वाचला. "२७ डिसेंबरला येऊ. संध्याकाळपुरतं. रात्री मैत्रिणीकडे राहू. तिच्या बाबांचा विषय काढायचा नाही."

नाही काढणार. पण भिंगरीनेच काढला तर काय म्हणायचं ते लिही. आम्हाला माहीत नाही. तो कुठे राहतो ते आम्हाला माहीत आहे, तो का येत नाही ते माहीत नाही.

२७ला पुन्हा अर्धा चंद्र आहे. मी विचारून ठेवलंय.

भिंगरीचे आजोबा


२० डिसेंबर

भिंगरीच्या आईस,
आशीर्वाद.

घाईत लिहितो. इकडे ढग आहेत. पुढचा आठवडाही ढगाळच जाईल असं म्हणतात. शिवाय आजीचा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही. घराला रंगही काढावा म्हणतोय, म्हणजे सगळं सामान मधोमध. तेव्हा या वेळी नाही आलात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. भिंगरीला सांग, शनी काही कुठे पळून जात नाही.

तिला दुसरं काही हवं असेल तर कळव. बाहुली, सायकल. सायकल कुरियरने जाते का ते चौकशी करतो.

आजोबा


२३ डिसेंबर

भिंगरीच्या आईस,

हे पत्र आजच कुरियरने टाकतोय, उद्या मिळेल. मिळाल्या मिळाल्या वाच.

तुझा मेसेज आजीने वाचून दाखवला नाही, फोन माझ्या हातात दिला. "तुमच्याकडचं आकाश निरभ्र आहे. मी रोज हवामान बघते. आम्ही यायला नको असू तर सरळ सांगायचं. तिचे बाबाही असंच सांगायचे, आज पाऊस आहे, आज काम आहे."

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हा कागद पुढे ओढला. ढग नाहीत. गुडघा ठीक आहे. रंगाचा एक डबासुद्धा घरात नाही. हे तिन्ही खोटं आहे आणि आजीला माहीतही नव्हतं. तिने आत्ता मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

झालं असं. तुम्ही येणार म्हणून मी घर झाडून काढलं, गच्ची धुतली, आणि दुर्बीणही पुसायला घेतली. नळकांड्यात बॅटरी मारून बघितलं तर तळाच्या आरशावर धूळ, दोन-चार डाग, कुणाच्या तरी बोटाचा ठसा. मला राहवेना. माझ्या दुकानातून डागाचा आरसा कधी बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाईक न्यायला आलं की आधी काच लखलखीत, मग पैसे. आणि इथे माझी नात येणार!

आरसा सोडवला, टेबलावर ठेवला, आपली पॉलिशची पावडर पाण्यात कालवली आणि फेल्टने, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाने, घासायला लागलो. डाग गेले. मग एक काळपट पट्टा दिसला. मला वाटलं मळ आहे, म्हणून आणखी घासलं. तो वाढत गेला. मी जोर केला. थोड्या वेळाने बघतो, तर आरशातून मला खाली अंथरलेल्या कापडाचा धुरकट रंग दिसतोय.

आरशाचा पारा पाठीमागे असतो. मी शिकलो तो असाच आणि आयुष्यभर विकला तो असाच. पुढून कितीही घासा, पारा मागे सुरक्षित. पाठ तेवढी सांभाळायची. मी या आरशाची पाठ डोळ्यात तेल घालून सांभाळली. खाली मऊ कापड घातलं होतं. आणि दुर्बिणीच्या आरशाचा पारा असतो तोंडावर. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही काचवाले म्हणून मी सांगितलं नाही हो. दुसरा कुणी असता तर बजावलं असतं, हात लावू नका."

ज्याला काही कळत नाही त्याने फुंकर मारून सोडून दिला असता. मला कळत होतं म्हणून वाट लागली. कडेला बोटभर पारा उरलाय, मधे नुसती काच. दुसरी दुर्बीण घ्यायला आता हातात काही नाही.

मला लाज वाटली. तुला काय सांगू, की जे दाखवायला बोलावलं तेच आता नाही? तुम्हाला यायला कारण दुर्बीण होती. तीच गेल्यावर तुम्ही कशाला याल, असं माझ्या डोक्याने घेतलं. मग वाटलं, तुम्ही येऊन रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा न आलेलं बरं. ते तुला कसं ऐकू जाईल याचा विचारच केला नाही.

तर आता सरळ लिहितो. दुर्बीण चालत नाही. शनी दिसणार नाही. दाखवायला आमच्याकडे काहीही नाही. तरी या. भिंगरीला बघितल्याला फार दिवस झालेत, आणि तुलाही. येणार नसाल तर मी समजेन, पण 'यायला नको' असं आम्ही म्हणालो असं समजू नकोस. तसं या घरात कुणी म्हटलेलं नाही.

आजोबा


३० डिसेंबर

भिंगरीच्या आईस,
आशीर्वाद.

तू स्वतः होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितोय. हल्ली माझं मला नीट कळलं की नाही याचा भरवसा राहिलेला नाही. चुकीचं वाटलं तिथे दुरुस्त कर.

भिंगरी दारातून आत आली ती थेट गच्चीवर. आरसा तसाच परत बसवून दुर्बीण मी तिथे ठेवली होती. आरशात वाकून बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुसून टाकलात?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मी पण एकदा चित्र खोडताना कागद फाडला होता." माझ्यावर कुणी रागावलंच नाही. तू रागावशील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

मग भिंगरी म्हणाली, "पण चंद्र तर आहे ना वर." मी तिला समजावत होतो की आरसा म्हणजे आता साधी काच आहे, काचेतून चंद्र खाली जमिनीत जाणार. तोवर तिने नळकांडं फिरवून डोळा लावलासुद्धा. आणि ओरडली. मला वाटलं लागलं काहीतरी!

तू बघितलंस, मग मी. चंद्र होता. गेल्या महिन्यात होता तोच, खड्डे, कडा, सावल्या, सगळं जागच्या जागी, फक्त मंद. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? तू म्हणालीस, "साधी काचही थोडा उजेड परत देतेच. संध्याकाळी दिवा लावल्यावर खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसत नाही का? चंद्राला तेवढं पुरतं." उभा जन्म काच विकण्यात गेला, आणि काचेत तोंड दिसतं हे मला दवाखान्यातल्या बाईने सांगावं! आजी एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. आणि डोळा लावून म्हणाली, "आता लागत नाही हो डोळ्याला. आधीपेक्षा हेच बरं आहे." तिच्या मते मी घासून सुधारणाच केली.

शनीचं मात्र तेवढ्या उजेडात भागेना. एक धुरकट ठिपका दिसला, त्याला काडी आहे की नाही यावर भिंगरीचं आणि माझं भांडण झालं.

आणि मग तिने विचारलंच, "बाबांनी यातून बघितलंय?" मी आजीकडे बघितलं, आजीने माझ्याकडे. विषय काढायचा नाही हे आम्ही पाळलं होतं, पण उत्तर काय द्यायचं ते तू लिहिलंच नव्हतंस. तूच म्हणालीस, "नाही. बाबा इथे येत नाहीत. ही आजोबांची आहे, आणि आपण आजोबांकडे आलोय." भिंगरीने 'बरं' म्हटलं आणि पुन्हा डोळा लावला. एवढंच. आम्ही महिनाभर ज्या प्रश्नाला घाबरत होतो तो एवढ्यात संपला. की संपला नाही? घरी गेल्यावर ती काय म्हणाली ते कळव.

ठरल्याप्रमाणे तुम्ही मैत्रिणीकडे गेलात. आजीने गाद्या घालून ठेवल्या होत्या, त्या तिने काही न बोलता उचलल्या. मला वाटलं, झालं, संध्याकाळपुरतं म्हणजे संध्याकाळपुरतं.

सकाळी खाली येऊन दुकानाचं शटर उघडतो तर तू एकटी उभी. भिंगरी मैत्रिणीच्या घरी झोपलेली. म्हणालीस, "आरसा सोडवून द्या. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला जो येतो त्याला फोन केला. पारा पुन्हा चढवून मिळतो, फार महागही नाही." मी हरखलो. म्हटलं, तू कशाला ओझं नेतेस, मी चांगला गवत भरलेल्या पेटीत बांधून कुरियरने पाठवतो. आपल्या धंद्यात काच कुठेही पाठवता येते.

तू आरसा आजीच्या शालीत गुंडाळत होतीस. वर बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, हा कुरियरने जात नाही. तुम्हीच लिहिलं होतं. मांडीवर नेते. आणि झाला की तसाच मांडीवर घेऊन येईन."

आजीने नंतर विचारलं, "तुम्ही रडत का होतात?" मी म्हटलं, पॉलिशची पावडर गेली डोळ्यात. ती म्हणाली, तुमची ती पावडर आता मी फेकून देणार आहे.

आता दुर्बीण दुकानातच ठेवलीये, वर फडकं टाकून. काल चष्मेवाला आला, फडकं वर करून आत डोकावला. म्हणाला, "हे तर नुसतं नळकांडं आहे! आरसा कुठाय?"

मी म्हटलं, "आरसा सुनेकडे आहे."

बाबा